एबीआय १.२४ आणि अडकलेली कॅशलेस

बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता आणि पायाच्या अँजिओप्लास्टीची मंजुरी अडली होती एका आकड्यावर. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी: "एबीआय १.२४, नॉर्मल आहे. प्रोसिजरची गरज काय?"

एबीआय म्हणजे घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागायचं. ०.९ च्या खाली गेलं की पायाला रक्त कमी पडतंय असं धरतात. बाबांचं घोट्याला १८६, दंडाला १५०. कागदावर उत्तम. पण जुन्या मधुमेहात पोटरीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, त्या ताठ होतात. पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाहीत, म्हणून दाब खोटा जास्त दिसतो. बोटांच्या बारीक वाहिन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत, त्यामुळे अंगठ्याला छोटा पट्टा बांधून टो प्रेशर मोजायचं. ते आलं २८. तीसच्या खाली जखम आपली आपण भरून येण्याची आशा फार कमी.

हे हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर कुणीच सांगितलं नाही. तोच फॉर्म दोन दिवस पुन्हा पुन्हा स्कॅन करून पाठवत राहिले. अंगठा काळा पडत असताना दोन दिवस थोडे नसतात, याचा राग अजून गेलेला नाही. मधुमेही माणसाची फाईल टो प्रेशरशिवाय पाठवूच देऊ नका. डॉक्टरांच्या पत्रात रदरफर्ड कॅटेगरी, म्हणजे आजार किती गंभीर आहे त्याचा आकडा हवा (बोटापुरती जखम असेल तर ५), कुठली वाहिनी किती सेंटिमीटर बंद आहे ते हवं, आणि रक्तपुरवठा सुधारला नाही तर पाय कापावा लागू शकतो हे वाक्य स्पष्ट हवं. सोबत जखमेचा तारखेसह फोटो. हे सगळं गेलं आणि त्याच संध्याकाळी मंजुरी आली.

औषधाचा लेप असलेला बलून किंवा कॅल्शियम फोडणारा लिथोट्रिप्सी बलून लागण्याची शक्यता असेल, तर तो पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून घ्या. नंतर रक्कम वाढवायची म्हटलं की नवी क्वेरी. बलूनवरच्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या लेपाने मृत्यूचा धोका वाढतो असा जुना इशारा कुणी दाखवला, तर अमेरिकेच्या एफडीएने तो जुलै २०२३ मध्ये मागे घेतलाय हे सांगा.

प्रत्यक्ष काम जागेपणीच झालं. डाव्या जांघेत टोचून तार उजव्या पायात नेली. तारेची जाडी ०.०१४ इंच, पोटरीतला बलून अडीच मिलिमीटरचा. नंतर टोचलेला पाय काही तास सरळच ठेवायचा, उशी घ्यायलाही गुडघा दुमडायचा नाही. जांघेत फुगवटा दिसला तर तिथे तळव्याने घट्ट दाबून धरा आणि सिस्टरला हाक मारा.

हो, क्रिएटिनिन ही किडनीची रक्तचाचणी आधीच करून ठेवा. किडनी कमजोर असेल तर डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून अँजिओग्राफी जमेल का, हे विचारा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी कधी थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, तेही लिहूनच घ्या.

डिस्चार्जआधी टो प्रेशर पुन्हा मोजून मागा. बाबांचं ५८ आलं. पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलना याच आकड्याशी, एबीआयशी नाही.