सुती हातमोज्यांपासून 33 केव्हीच्या ग्लोव्हजपर्यंत: आमची वाटचाल

भोसरीत आमचं काम सुरू झालं ते सुती विणीच्या हातमोज्यांवर. हा माल वजनावर विकला जातो: जोडी 40 ग्रॅमची, 50 ग्रॅमची, 60 ग्रॅमची. 7 गेजचं मशीन, म्हणजे इंचात सात सुया, मनगटाला इलॅस्टिक आणि कडेला ओव्हरलॉक. धूळ नि खरचटणं यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. तरी प्रेस शॉपमध्ये हेच घालून कापलेला पत्रा उचलला जातो. शिअरिंगनंतर, म्हणजे पत्रा कापल्यावर, त्याच्या एका कडेला बर (धारदार कोर) राहते, तिच्यापुढे सुताचा टिकाव लागत नाही. पीव्हीसीचे ठिपके असलेला मोजा घेतला तर पकड सुधारते, काप मात्र तसाच बसतो.

प्रेस शॉपच्या याच गिऱ्हाइकांमुळे आम्ही 13 गेजच्या मशीनवर गेलो. धागा एचपीपीई (अतिशय मजबूत पॉलिइथिलीन), जोडीला काचेचा किंवा स्टीलचा बारीक तंतू, वर नायलॉन नि स्पँडेक्स. विणलेला मोजा हाताच्या आकाराच्या साच्यावर चढवून तळव्याला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा नायट्राइल या कृत्रिम रबराचं कोटिंग देतात. नायट्राइलआधी मोजा कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवून घ्यावा लागतो. तो थर कमी पडला की रबर विणीतून आत झिरपतं, वाळल्यावर आतून टोचतं, आणि कामगार दुसऱ्याच दिवशी मोजा काढून ठेवतो. घालवत नाही असा मोजा कितीही वरच्या लेव्हलचा असला तरी फुकट. तेलकट पत्र्याला सँडी (खरखरीत) फिनिशचं नायट्राइल, कोरड्या बारीक असेंब्लीला पीयू, एवढं ठरवलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

पर्चेसवाले अजूनही कापापासून बचावाची ‘लेव्हल 5’ मागतात. तो आकडा फिरत्या पात्याच्या जुन्या चाचणीतला. काच किंवा स्टील धाग्यात असलं की पातंच बोथट होतं आणि आकडा फुगतो. ईएन 388 या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत म्हणून शेवटी अक्षर आलं. मोज्यावर 4एक्स43डी छापलेलं असेल तर क्रमाने घर्षण 4, जुनी काप चाचणी केलेली नाही म्हणून एक्स, फाटणं 4, टोचणं 3, आणि सरळ पात्याच्या चाचणीत डी. ए म्हणजे कापायला 2 न्यूटन बल लागतं, बी 5, सी 10, डी 15, ई 22, एफ 30. बारीक बर असलेल्या भागांना बी-सी पुरतं, मोठे ब्लँक (कापलेले पत्र्याचे तुकडे) आणि काच हाताळायला डीच्या पुढे जावं. ड्रिल आणि लेथवर मात्र कोणताच मोजा नको, फिरता भाग मोज्यासकट हात ओढतो. एचपीपीई साधारण 150 अंशांना वितळतं, त्यामुळे वेल्डिंगलाही ते चालत नाही.

मग त्याच कारखान्यांच्या मेंटेनन्समधून विचारणा सुरू झाली: हेच ग्लोव्हज विजेच्या पॅनेलवर चालतील का? अजिबात नाही. स्टीलच्या तंतूतून वीज वाहते, आणि स्टील नसलं तरी विणीला भोकं असतात, घाम असतो. विजेला वेगळे रबरी ग्लोव्हजच लागतात. लॅटेक्सचे थर चढवून ते बनवण्याचं काम आम्ही अंगावर घेतलं नाही. आम्ही माल आणतो, आणि तपासणीचा सेटअप मात्र स्वतःचा ठेवला.

विजेच्या ग्लोव्हजच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी 60903 मध्ये, सहा क्लास आहेत. एसीसाठी कमाल वापर: क्लास 00 ला 500 व्होल्ट, 0 ला 1000, 1 ला 7500, 2 ला 17000, 3 ला 26500, 4 ला 36000. आपल्याकडच्या हिशोबाने 415 व्होल्टच्या पॅनेलला 0, 6.6 केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) मोटारीला 1, 11 केव्हीला 2, पुण्याकडच्या 22 केव्हीला 3, 33 केव्हीला 4. घोळ होतो तो चाचणीच्या आकड्यात. क्लास 0 ची चाचणी 5 केव्हीवर होते, क्लास 2 ची 20 केव्हीवर. दुकानात ‘शॉकप्रूफ, 15 केव्ही टेस्टेड’ असं छापलेलं विकतात, त्यात कामाचा व्होल्टेज कुठेच नसतो. क्लास नसलेला मोजा आम्ही मोफतही देणार नाही.

तपासणीत ग्लोव्ह पाण्याने भरून टाकीत सोडतात, आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला. सेकंदाला साधारण 1000 व्होल्ट या वेगाने व्होल्टेज चढवायचा, मिनिटभर धरायचा, गळती प्रवाह मिलिअँपिअरमध्ये बघायचा. पाण्यावरचा कफ कोरडा पाहिजे, नाहीतर काठावरून फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ठिणगी उडते, आणि चांगली जोडी फुकट बाद ठरते. क्लास 1 पासून पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी, आम्ही क्लास 0 लाही तेच सांगतो.

परत येणाऱ्या जोड्यांत दोष ठरावीक दिसतात. घडी घालून ठेवलेल्या जागी ओझोनने पडलेल्या बारीक चिरा, ट्रान्सफॉर्मर ऑइलने फुगलेली बोटं, तांब्याच्या तारेचं टोचणं. आणखी एक खास: वरचा चामड्याचा मोजा फिटर इतर कामालाही वापरतो, त्यात लोखंडाचा कीस अडकतो, आणि तोच कीस आतून रबराला भोक पाडतो. म्हणून चामडं फक्त रबरावरच घालायचं, आणि ते रबरापेक्षा आखूड हवं: क्लास 0 ला 13 मिलिमीटर, क्लास 2 ला 51 मिलिमीटर रबर उघडं राहिलं पाहिजे. रोज कामाआधी कफ गुंडाळून हवा कोंडायची, मोजा गालाजवळ, कानाजवळ धरून गळती पाहायची. साठवणुकीला 10 ते 21 अंश सांगितलेत. मे महिन्यात जीपच्या डिकीत ग्लोव्हज टाकणाऱ्यांना हे वाचून हसू येईल, पण निदान ते सावलीत, घडी न घालता पिशवीत ठेवता येतात.

सध्या चाकणकडून मागणी येते ती इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीसाठी. डीसीला क्लास 00 ची मर्यादा 750 व्होल्ट, क्लास 0 ची 1500. म्हणजे 400 व्होल्टच्या पॅकला अर्ध्या मिलिमीटरचा 00 चालतो, 800 व्होल्टच्या पॅकला नाही. क्लास 0 मात्र मिलिमीटरभर जाड असू शकतो, वर चामडं आलं की लहान बोल्ट बोटात धरवत नाहीत. अशा कामाला आम्ही कंपोझिट, म्हणजे टोचणं-घासणंही सोसणारा रबरी ग्लोव्ह, देतो, त्यावर वेगळं चामडं लागत नाही. किंमत जास्त आहे, पण बोल्ट धरता येत नाही म्हणून मोजा काढून काम करण्याचा प्रकार त्याने थांबतो.