मॅडम, आज प्रश्न विचारू नका

नोव्हेंबर उजाडला हे बँकेतल्या माणसाला कॅलेंडरात बघावं लागत नाही. शटर वर जायच्या आधीच पेन्शनर मंडळी पायऱ्यांवर येऊन बसलेली असतात. राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी कोषागाराकडून शाखेत येते. त्यांनी आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा केला की हयातीच्या, म्हणजे जिवंत असल्याच्या दाखल्याचं काम झालं. केंद्राच्या पेन्शनरांसाठी २०१४ पासून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला आहे. त्यात आधार, ओटीपी आणि यंत्रावर बोट, असा क्रम. पण जन्मभर हातानं काम केलेल्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र पुन्हा पुन्हा नाही म्हणतं, आजोबा बोट धोतराला पुसून पुन्हा ठेवतात आणि मागची रांग चुळबुळ करते. हल्ली चेहरा दाखवूनही दाखला होतो, त्यामुळे पुष्कळ सोपं झालंय. तरी फोनसमोर डोळे मिचकवायला सांगितलं की काही आजी लाजून तोंडाला पदर लावतात.

मी सत्तावन्न वर्षांची आहे, साताऱ्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी. समोरची माणसं माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, शेजारच्या काउंटरवरची मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान. गुडघे दुखतात, दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो, आणि जवळच्या चष्म्यातून स्क्रीन दिसते तर माणूस धूसर होतो. घरी आई आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला अनोळखी नंबरवरून फोन आला की माझा जीव कामात राहत नाही. या वयात दोन्हीकडचं एकदम पेलावं लागतं, आणि ते पेलताना माणूस चिडचिडा होतो. त्या दिवशी सकाळीही मी चिडलेली होते. सिस्टम अडखळत होती आणि रांग दारापर्यंत गेली होती.

अकराच्या सुमारास सर आले. गावात त्यांना सगळे सरच म्हणतात. हायस्कूलमध्ये गणित शिकवत, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दर नोव्हेंबरला दोघं नवरा-बायको जोडीनं येतात, यादीवर सह्या करतात, पासबुक भरून घेतात आणि जाताना माझ्या आईची चौकशी करतात. आज ते एकटे होते. गळ्याभोवती मफलर, सदऱ्याच्या खिशात फोन उभा ठेवलेला. खुर्चीत बसले ते अगदी काठावर. दोन मुदत ठेवींच्या पावत्या आणि भरलेला आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायचा फॉर्म त्यांनी माझ्यासमोर सरकवला. रक्कम साडेसतरा लाख. लाभार्थी म्हणून दूरच्या कुठल्या तरी शहरातल्या ट्रेडिंग कंपनीचं नाव.

"सर, एवढी मोठी रक्कम?"

"मुलाला फ्लॅट घ्यायचाय. मॅडम, आज प्रश्न विचारू नका. लवकर करा."

फ्लॅटचे पैसे बिल्डरला जातात, नाहीतर मुलाच्या खात्यात. ट्रेडिंग कंपनीला कशाला जातील? पण तेवढ्यावर मी व्यवहार अडवू शकत नव्हते. पैसे त्यांचे, खातं त्यांचं. बाहेरच्या लोकांना वाटतं बँकवाल्यांनी सरळ नाही म्हणावं. तसं म्हणता येत नाही. आम्हाला विचारता येतं, थांबवून धरता येतं, आणि तेवढ्यावरूनही माणसं दुखावतात. मागे एका ग्राहकानं माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली होती की मॅडम नको ती चौकशी करतात. त्याचंही मला समजतं. कष्टाचे पैसे काढताना तिसऱ्याला हिशेब का द्यायचा?

पावत्या दोघांच्या नावावर होत्या, 'दोघांपैकी कुणीही' या पद्धतीच्या. अशा ठेवीची मुदत पुरी झाली की दोघांपैकी कुणाही एकाची सही चालते, पण मुदतीआधी मोडायची तर दोघांचीही लागते. मी सह्या पडताळल्या. काकूंची सही बँकेतल्या नमुना सहीच्या कार्डाशी जुळत होती, फक्त प्रत्येक अक्षर थरथरलेलं. काकू शाळेच्या लेखनिक होत्या. त्यांची सही कधी हलत नाही.

"काकू का नाही आल्या?"

"बरं नाही तिला."

"मग मी एक फोन करून विचारते. दोघांची संमती..."

"नको!" ते जवळजवळ ओरडलेच. रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. आणि मग ते माझ्याकडे न बघता खाली, स्वतःच्या खिशाकडे बघायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरची मुलगी कागद घ्यायचं निमित्त करून उठली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, मफलरच्या आत इअरफोन आहे." माझ्या चष्म्यातून मला ते दिसलं नव्हतं. तिनं ते पाहिलं, आणि पाहून गप्प बसली नाही, यासाठी मी तिचे आभार मानते, कितीदा मानले तरी कमीच.

मी पैसे भरायच्या स्लिपच्या मागच्या बाजूला लिहिलं, "तुमच्या फोनवर आत्ता कुणी ऐकतंय का?" आणि स्लिप त्यांच्यासमोर ठेवली. तोंडानं मात्र मोठ्यानं म्हटलं, "सर, सिस्टम हळू चालली आहे. थोडा वेळ लागेल."

त्यांनी स्लिप वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझं पेन घेऊन, फळ्यावर लिहावं तशा सुबक अक्षरात लिहिलं, "सीबीआय. हिला घरी कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं आहे."

मी पंचवीसहून अधिक वर्षं नोकरीत आहे. खोट्या नोटा, खोट्या सह्या, भाऊबंदकीतून काउंटरवर झालेल्या मारामाऱ्या, सगळं पाहिलंय. पण त्या दोन वाक्यांनी माझे हात गार पडले.

डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे फोनवरच अटक झाल्याचं भासवून लुबाडण्याबद्दल, वाचलेलं होतं. पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मधून सावध केलं होतं. फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना वाजायची, आणि घाईच्या वेळी सगळे तिच्यावर वैतागायचे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानंच स्वतःहून दखल घेतली, कारण अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला चक्क सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुबाडलं होतं. ती बातमी मी आईला वाचूनही दाखवली होती. पण बातमी वाचणं निराळं आणि ती खिशात घेऊन माणूस समोर बसलेला असणं निराळं.

मी दुसरी स्लिप घेतली. "फोनवर अटक करायचा कायदा आपल्या देशात नाही. फोन बंद करू का?" त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. बंद केला तर तासाभरात घरी पोलिसांची गाडी येईल, असं त्यांना सांगितलेलं होतं. दोन दिवस ते दोघं रात्रीसुद्धा कॅमेरा सुरू ठेवून झोपले होते. झोपले म्हणजे, आडवे झाले होते.

मॅनेजर साहेबांना खूण करून बोलावलं. त्यांनी दोन्ही स्लिपा वाचल्या आणि लगेच आमच्या शिपायाला आणि त्या मुलीला सरांच्या घरी पाठवलं. घर पेठेतच, चालत पाच मिनिटांवर. मी समोर बसून खोटं खोटं टाइप करत राहिले. "सर, आधारची झेरॉक्स लागेल." "सर, इथे आणखी एक सही." खिशातून बारीक आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते, पण सूर दरडावणीचा. त्या सुराला सर हळूच "हो साहेब" म्हणत होते. ज्यांना बघून गावातली पोरं सायकलवरून उतरायची, ते सर.

इकडे रांग खवळली. एक गृहस्थ पुढे येऊन मोठ्यानं म्हणाले, "पेन्शनर ताटकळतायत आणि मॅडम एकाच माणसाला धरून बसल्यात!" त्यांना काय सांगणार? मी हात जोडले. ते आणखी चिडले. त्यांचा राग चुकीचा नव्हता, सकाळपासून ते पायांवर उभे होते.

मग काउंटरवरच्या त्या मुलीचा फोन आला. काकूंच्या समोरचा फोन बंद केलाय, त्या रडतायत पण बऱ्या आहेत, शेजारच्या वहिनी येऊन बसल्यात. मी ते तिसऱ्या स्लिपवर उतरवून सरांना दाखवलं. त्यांनी कितीतरी वेळ ती स्लिप हातात धरली. मग खिशातून फोन काढला, कुणी न सांगता स्वतः कॉल कापला आणि टेबलावर पालथा ठेवला. पुढच्या क्षणापासून तो वाजायलाच लागला. थांबायचा, पुन्हा वाजायचा. साहेबांनी आधी सगळ्या मेसेजचे आणि त्या बनावट वॉरंटचे फोटो काढून घेतले, मग फोन बंद केला. वॉरंट मीही पाहिलं. राजमुद्रा, शिक्का, जावक क्रमांक, इंग्रजीत कलमं. घाबरलेल्या माणसानं त्यातलं काय तपासायचं?

केबिनमध्ये चहा देऊन बसवल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तुमच्या आधारवर कुणीतरी सिम घेतलंय, त्यावरून काळ्या पैशांचे व्यवहार झालेत, अशी सुरुवात. मग गणवेशातला माणूस व्हिडिओवर. मग "तुम्ही निर्दोष आहात हे आम्हाला दिसतंय, पण तपासापुरते सगळे पैसे रिझर्व्ह बँकेच्या खात्यात ठेवा, तीन दिवसांत परत येतील" असं मऊ बोलणं. आदल्या संध्याकाळी त्यांनी यूपीआयवरून पंचाण्णव हजार पाठवलेही होते. ते कळल्याबरोबर आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला. जितक्या लवकर तिथे नोंद होईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार झाली, क्रमांक मिळाला, साहेब स्वतः त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पंचाण्णव हजारांतली काही रक्कम होल्ड झाल्याचं नंतर समजलं, बाकीचं अजून चालू आहे. साडेसतरा लाख जागच्या जागी राहिले.

जाताना सर म्हणाले, "मी गणित शिकवलं हो. मला कसं कळलं नाही?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मला वाटतं, यात हुशारीचा संबंधच नाही. ज्यानं जन्मात पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, कर एक दिवस उशिरा भरला नाही, ज्याला शिक्क्याच्या कागदाचा आदर वाटतो, तोच या फोनला घाबरतो. खरा लबाड माणूस असा फोन आला तर वकिलाला विचारेल. सरांच्या पिढीला, आणि त्यांच्या पाठोपाठच्या माझ्याही पिढीला, साहेबाचा फोन आला की उभं राहून बोलायची सवय लावली गेली. हे चोर त्या सवयीवर जगतात. आणि "कुणाला सांगू नका" ही त्यांची एकच अट असते, मुलालाही नाही, शेजाऱ्यालाही नाही, बँकेत तर नाहीच. म्हणून फसलेल्या माणसाला "एवढं शिकून कसे फसलात" असं विचारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या प्रश्नाच्या भीतीनं पुढचा माणूस गप्प बसतो आणि तिकडचा आवाज त्याच्या कानात चालू राहतो.

त्या रात्री घरी गेल्यावर आईला जेवायला वाढताना मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला आला असता तर मी पण दिले असते." मग थोड्या वेळानं, "पण तुला विचारून." बेंगळुरूहून मुलीचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं. एरवी माझ्या फोनमधल्या सेटिंगवरून आमची कुरबुर होते, त्या दिवशी तिनं शांतपणे सगळं तपासून दिलं आणि मीही शांतपणे करू दिलं.

यादी संपत आली असताना सर आणि काकू सह्या करायला आले, या वेळी जोडीनं. सर मान खाली घालून रांगेत उभे. काकूंनी मात्र ओळखीची बाई दिसली तशी सुरुवातीपासून सांगायला सुरुवात केली, मोठ्या आवाजात, एक शब्द न लपवता. कॅमेऱ्यासमोर कसं बसवलं, न्हाणीघरात जायलासुद्धा परवानगी कशी मागावी लागली, सही करताना हात कसा चालेना. रांग गप्प होऊन ऐकत होती. मध्येच त्या म्हणाल्या, "अठरा लाख जात होते."

"साडेसतरा," सर म्हणाले. आणि मग पुढचं त्यांनीच सांगायला घेतलं.

ते संपेपर्यंत सहीचं काम थांबलं होतं, आणि कुणी कुरकुर केली नाही. नंतर रांगेतल्या बऱ्याच जणांनी १९३० हा नंबर आपापल्या फोनमध्ये आमच्याकडून भरून घेतला. एका आजींकडे फोनच नव्हता, नातवाचा वापरतात. त्यांच्या पासबुकाच्या आतल्या पानावर मी तो ठळक लिहून दिला. त्या म्हणाल्या, खाली तुझाही नंबर लिही. तोही लिहिला.