बरोबर टाइप केलेलं ‘शेतकऱ्यांच्या’ लाल का दिसत होतं?

आमच्या कॉलेजच्या टंकलेखन कोर्सच्या माहितीपत्रकात ‘ज्याला त्याला आपापल्या गतीने शिकता येईल’ असं छापलंय. शिकण्यापुरतं ते खरं आहे. मी माझ्या गतीने शिकले आणि मग सॉफ्टवेअरच्या मर्जीने खोळंबले. त्या खोळंब्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

कोर्स दोन क्रेडिटचा. लॅब सकाळी उघडते, समोर उभं राहून कोणी शिकवत नाही. एक धडा पार पडला की पुढचा उघडतो आणि तयारी झाली असं वाटलं की परीक्षा आपणच मागायची. मराठी युनिकोड (म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात ठरलेला कोड), इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी), मिनिटाला ३० शब्द आणि ९५ टक्के अचूकता, बॅकस्पेस बंद. एक सांगून ठेवते, कारण वर्गातल्या निम्म्या मुलींचा याबाबत गैरसमज होता: लिपिक-टंकलेखक पदासाठी हे प्रमाणपत्र धरत नाहीत. तिथे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षाच द्यावी लागते, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची. कॉलेजचा कोर्स हात बसवायला चांगला, एवढंच.

सुरुवातीचे धडे भराभर झाले. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात आणि एकदा लय लागली की मजा येते. मधल्या ओळीतून बोटं न हलवता ‘पोपट’ लिहिता येतो, ‘चिकटते’ लिहिता येतं, ‘तुरुतुरु परत’सुद्धा. मी घरी हातांवर रुमाल टाकून हेच बडवत बसायचे. मामा एकेकाळी मशीनवर मराठी टायपिंग शिकलेले. त्यांनी एकदा माझ्या कीबोर्डवर ‘किती’ लिहायला घेतलं आणि पहिली वेलांटीच शोधायला लागले, कारण त्यांच्या मशीनवर वेलांटी आधी आणि अक्षर मागून. इथे उलटं, आधी क, मग वेलांटी. रेमिंग्टनची, म्हणजे त्या जुन्या मशीनच्या मांडणीची, सवय असलेल्या कोणी या कोर्सला नाव घातलं, तर पहिले काही दिवस त्यांची चिडचिड होणार, हे गृहीत धरा.

आता मुद्द्याचं. वेग ३० च्या वर गेला. अचूकता मात्र ९१-९२ वर येऊन बसली ती हलेना. हळू टाइप केलं तरी तेवढीच, जोरात केलं तरी तेवढीच. लॅबमधल्या सरांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सराव वाढव.” वाढवला. विभागात मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, “सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आहे गं, त्यात आपल्याला काही करता येत नाही. बोटं नीट पडतायत का बघ.” नोंदवहीत तक्रार लिहिली, तिच्याखाली सही झाली, शिक्काही बसला. पुढे काही नाही.

निकालाच्या पानावर चुकलेले शब्द लाल दिसतात, शेजारी बरोबर शब्द हिरवा. माझ्यासमोर हे असं होतं: बरोबर शब्द ‘शेतकऱ्यांच्या’, तुम्ही लिहिलेला शब्द ‘शेतकऱ्यांच्या’. खाली ‘अधिकाऱ्यांनी’ आणि ‘अधिकाऱ्यांनी’. त्याखाली ‘कर्मचाऱ्यांना’, तेच. मी स्क्रीनला नाक लावून बघितलं, काना-मात्रा मोजल्या, काही फरक नाही. सरांना दाखवलं तर म्हणाले, “स्पेस जास्त पडली असेल.”

उतारे सगळे सरकारी धाटणीचे. योजना, अनुदान, बैठक, आढावा. म्हणजे शेतकरी, अधिकारी आणि कर्मचारी यांच्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. दोनशे शब्दांच्या उताऱ्यात असे दहा शब्द आले की पाच टक्के तिथेच गेले. बाकी एक अक्षर चुकलं नाही तरच ९५. माझ्या उताऱ्यांत दहाहून जास्तच असायचे. माणूस पास होणार कसा?

उलगडा झाला तो नोटपॅडमुळे. सरावाचे उतारे लॅबच्या संगणकांवर साध्या फाइलींत ठेवलेले असतात. त्यातली एक उघडली, ‘शोधा’च्या चौकटीत मी स्वतः ‘शेतकऱ्यांच्या’ टाइप केलं आणि एंटर मारलं. सापडला नाही म्हणे! शब्द डोळ्यांसमोर, पहिल्याच ओळीत. मग फाइलीतलाच शब्द कॉपी करून शोधला, तर धडाधड सापडायला लागला.

कारण असं. हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. इन्स्क्रिप्टवर आपण शिफ्ट धरून जे दाबतो, त्याने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटतं, मग इंग्रजी डीच्या कळीवरचा हलन्त, तिरक्या रेघेच्या कळीवरचा य, इंग्रजी ईच्या कळीवरचा काना. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. उतारे ज्याने कोणी टाइप केले त्याने दुसरा प्रकार वापरलेला, आणि सॉफ्टवेअर दिसणं बघत नाही, आतला कोड ताडून बघतं. ‘ॲप’, ‘ॲड’ अशा शब्दांचं तेच. ॲला स्वतंत्र कोड २००८ साली मिळाला, त्याआधी अ वर चंद्र देऊन भागवायचे, आणि दोन्ही पद्धती अजून चालू आहेत.

या वेळी तोंडी सांगत बसले नाही. एका कागदावर दोन्ही शब्द, शेजारी दोन्हींचे कोड, खाली दहा शब्दांचा तो हिशेब असं लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांच्याच संगणकावर शोधून दाखवलं. “अगं, हे तर मला पण सापडत नाहीये,” असं त्या म्हणाल्या तेव्हा मला जे वाटलं ते परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नाही. त्यांनी सरांना बोलावून उताऱ्यांतले ते शब्द बदलून घेतले. काम अर्ध्या तासाचं होतं. त्यानंतर बसले तेव्हा अचूकता ९७ आली.

म्हणून कोणाची अचूकता अशी एका आकड्यावर थिजली असेल, तर आधी लाल शब्द वहीत उतरवून काढा. त्यात ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ किंवा ‘ॲ’ पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष बोटांचा नाही. ‘सराव वाढव’ हे ऐकून परत फिरू नका, कागद घेऊन जा.

हो, आणि एक राहिलं. उजव्या करंगळीकडे च, ट, ड, ज, य एवढी सगळी अक्षरं येतात, ती दुखते. खुर्ची उंच घ्या, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका. जोडाक्षरांसाठी वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टबरोबर त्र, क्ष, ज्ञ, श्र तयार मिळतात, ते सुरुवातीलाच पाठ करा. मला ते कोर्स संपता संपता कळलं, कारण तो धडा शेवटून दुसरा ठेवलाय.