तुम्ही विचारलंत म्हणून: बुलेट कधी घेताय?

पेट्रोल पंपावर, बँकेत, सासुरवाडीला, कुठेही गेलो तरी हा प्रश्न येतोच. ‘आता येते ना गाडी? मग बुलेट कधी?’ विचारणाऱ्यांच्या लेखी स्प्लेंडर म्हणजे बालवाडी. हात बसला की सोडायची. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण सुरुवात डोंबिवलीपासून करावी लागेल.

मी डोंबिवलीत वाढलो. तिथे गाडी येत नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. घरापासून स्टेशन चालत, पुढे लोकल. गर्दीच्या गाडीत शिरता आलं की माणूस कमावता झाला. बेचाळिसाव्या वर्षी बँकेने बदली केली ती थेट मेढ्याला. बिऱ्हाड साताऱ्यात, शाखा पंचवीसेक किलोमीटरवर. एसटी आहे, पण तिच्या वेळांचं आणि आमच्या कॅश बंद करायच्या वेळेचं कधी जमलं नाही. त्यात बायको रोज स्कूटरवरून मला स्टँडवर सोडायची. मी मागे, मांडीवर डब्याची पिशवी. शेजारच्या काकांनी दोन आठवडे बघितलं आणि मग विचारलं, ‘साहेबांचा पाय दुखतोय का?’

त्याच महिन्यात २०१६ची एक सेकंड हँड स्प्लेंडर घेतली. हौस म्हणून नव्हे, वजन बघून. एका सहकाऱ्याच्या बुलेटवर मी बसून पाहिलं होतं. स्टँड काढल्यावर ती जरा डावीकडे कलली, तेवढ्यात माझ्या मांडीने रामराम म्हटलं. १९५ किलोचा ऐवज. स्प्लेंडर ११०च्या आसपास. तिच्यावर बसल्यावर माझे दोन्ही तळवे सपाट जमिनीला टेकतात. नवशिक्याला याहून मोठं आश्वासन मिळत नाही. ९७ सीसीचं इंजिन, जेमतेम आठ हॉर्सपॉवर. एक्सलेटर चुकून जास्त पिळला तरी गाडी नुसती ओरडते, पळून जात नाही.

शिकवलं गल्लीतल्या मिस्त्रींनी. पहिले दोन दिवस त्यांनी एक्सलेटरला हातच लावू दिला नाही. मोकळ्या मैदानावर पहिला गिअर टाकायचा आणि फक्त क्लच सोडायचा, मुंगीच्या पावलाने. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खाली बसतो, हँडलला बारीक थरथर येते, आणि गाडी आपली आपण सरकायला लागते. बोटं तिथेच थांबवायची. मिस्त्री म्हणायचे, ‘ह्यो हाफ क्लच. ह्यो ज्याला सापडला त्याला गाडी आली, बाकीचं कुनीबी शिकवंल.’ मला तो सापडेपर्यंत गाडी तीसेक वेळा बंद पडली. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं मोजत होती, म्हणून आकडा माहीत आहे.

दुसरा धडा खड्ड्याचा. खड्डा दिसला की मी त्याच्याकडे टक लावून बघायचो आणि इमानदारीत त्यातच जायचो. मिस्त्री म्हणाले, ‘गाडी डोळ्याच्या मागनं जाती. खड्ड्याकडं बघू नका, खड्ड्याच्या बाजूला बघा.’ हे इतकं साधं आहे की शिकवावं लागतं याचीच लाज वाटते. पुढे वळणांवरही हेच. वेग असताना डावीकडे वळायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. चाक क्षणभर उलट्या अंगाला जातं आणि गाडी डावीकडे कलते. इतकी वर्षं सायकल चालवताना हात हेच करत होते, डोक्याला पत्ता नव्हता.

ब्रेकबद्दल मात्र गावभर चुकीचं शिकवतात. ‘पुढचा मारू नको, तोंडावर आपटशील,’ हे मला निदान सहा जणांनी सांगितलं. खरं तर ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. तो दाबायचा, पण हळूहळू वाढवत, आणि गाडी सरळ असताना. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान जोडलेले ब्रेक तरी सक्तीचे झाले, पायाचा दाबला की थोडा पुढचाही लागतो. माझी गाडी त्याआधीची. हात आणि पाय यांचा हिशेब मलाच जुळवावा लागतो.

तो एकदा चुकलाच. कण्हेर धरणाच्या अलीकडे, शेताकडे जाणारी वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी बारीक खडी आणून टाकली होती. वळताना ती दिसली, घाबरलो आणि वळणातच पुढचा ब्रेक आवळला. पुढचं चाक साबणासारखं सटकलं. वेग पंधरा-वीसचा असेल. गाडी डाव्या अंगावर, मी तिच्या शेजारी, बँकेच्या कपड्यांत. लेग गार्ड वाकला म्हणून पाय वाचला. कोपर सोललं. शेळ्या घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या.

‘लागलं का?’

‘नाही.’

‘मग बसलाय कशाला?’

त्याला उत्तर नव्हतं. उठलो, चावी बंद केली, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला, गुडघे वाकवून जोर लावला आणि गाडी उभी राहिली. एकट्याने. बुलेट असती तर मी आजींच्या शेळ्यांसकट कोणाची तरी वाट बघत बसलो असतो. चार किकांनंतर गाडी सुरू झाली. शाखेत पोहोचलो तेव्हा हात थरथरत होते, पण संध्याकाळी कोणाला न विचारता परत त्याच रस्त्याने आलो, आणि त्या खडीपाशी वेग आधीच कमी केला. लायसनची टेस्ट मी याच्या आधीच पास झालो होतो. पण आपण गाडी चालवतो असं मला वाटायला लागलं ते त्या संध्याकाळी.

भीती गेलेली नाही. उसाच्या हंगामात अंधार पडला की दिवे नसलेल्या ट्रॉल्यांच्या मागे मी अजूनही पोटात गोळा घेऊन जातो. हायवेवर कंटेनर शेजारून गेला की त्याच्या वाऱ्याने ही हलकी गाडी हलते. तिथे मी जातच नाही, कामच पडत नाही. मोठी गाडी तिथे स्थिर राहते हे मला मान्य आहे. ज्याला रोज पुण्याला जायचंय त्याने जरूर घ्यावी. माझा रस्ता मेढ्याचा, आणि लिटरमागे साठच्या पुढे जाणारी गाडी सोडायला मी काही वेडा नाही.

राहता राहिला समर्थ मंदिराकडचा चढ. डबल सीट त्या चढावर थांबून पुन्हा उचलायची म्हणजे मागचा ब्रेक पायाने धरायचा, क्लच हाफवर आणायचा, इंजिन ओढायला लागलं की पाय सोडायचा. सुरुवातीला गाडी मागे घसरायची किंवा बंद पडायची. म्हणून चढ आला की बायको न सांगता उतरायची, चालत वर जायची आणि नाक्यावर माझी वाट बघायची. मीही काही बोलायचो नाही.

परवा यवतेश्वरला निघालो होतो. चढाच्या मध्यावर पुढची एसटी थांबली. मीही थांबलो. मागून हालचाल जाणवली. आरशात तिचा एक पाय फूटरेस्टवरून खाली आलेला दिसला. एसटीच्या कंडक्टरने दोनदा घंटी मारली, मी बोटं सैल केली, हँडलला ती बारीक थरथर आली.

तिने पाय वर घेतला.