जहाजावर बसून जहाज वजा करताना

तीन आठवडे उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रावर काढून परवा उतरलो. जमीन अजून डोलतेय. काम होतं समुद्र हवेला किती उष्णता आणि वाफ देतो, वारा पाण्याला किती संवेग देतो, ते मोजायचं. खरा वेळ गेला तो आकड्यांतून जहाज वजा करण्यात.

नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, डोलकाठीवर सोनिक अ‍ॅनिमोमीटर ध्वनिलहरींनी सेकंदाला 20 वेळा वारा मोजतो, शेजारचा इन्फ्रारेड सेन्सर बाष्प. वर जाणारा झोत दमट आणि खाली येणारा कोरडा निघाला, की समजायचं, समुद्रातून वाफ निघतेय. पण जहाज लाटेवर चढलं की यंत्राला वाटतं, वाराच खाली आला! म्हणून हालचाल टिपणारा सेन्सर सोनिकच्या पायाशीच घट्ट बसवा आणि सगळ्यांना एकच घड्याळ द्या. आमची दोन घड्याळं अर्ध्या सेकंदानं सरकली होती. ताळमेळ लावण्यात दोन रात्री गेल्या.

वारा समोरून येईल असं जहाज धरायला कॅप्टनला पहिल्याच दिवशी सांगा. मागून आला तर धुराड्याची ऊब मोजून याल. मीठ तर सगळीकडे बसतं. बाष्पाच्या सेन्सरची काच रोज गोड्या पाण्यानं धुवायची. पावसातल्या नोंदी सरळ बाजूला.

वाफेचा आकडा किरकोळ समजू नका. चौरस मीटरला 100 वॅट सुप्त उष्णता (वाफेबरोबर जाणारी) म्हणजे दिवसाला साधारण साडेतीन मिलिमीटर पाणी हवेत. नुसत्या तापमानाच्या फरकानं जाणारी उष्णता तिकडे बहुधा याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

थेट मापन बिघडेल त्या दिवसांसाठी कोअरचं सूत्र आहेच. 1992-93 मध्ये पश्चिम प्रशांत महासागरात झालेल्या कोअर नावाच्याच मोहिमेतून ते आलं. वारा, आर्द्रता आणि तापमान दिलं की अंदाज देतं. त्याला पृष्ठभागाचं तापमान लागतं, आणि तिथे जहाज पुन्हा आडवं येतं: जहाज तापमान मोजतं ते इंजिनाकडे ओढलेल्या पाण्याचं, आणि ते काही मीटर खालचं असतं. शांत, कडक उन्हाच्या दुपारी वरचा थर त्याहून अंशभर किंवा जास्तही गरम भरतो, तर अगदी वरची त्वचा खालच्या पाण्यापेक्षा दोन-तीन दशांश अंशांनी थंड. म्हणून तरंगती नळी सोडतात, तिच्यात तापमापी. सगळे तिला सापच म्हणतात. लांब दांड्यावरून, जहाजानं ढवळलेल्या पाण्याच्या बाहेर सोडा आणि जहाज मागे घेण्याआधी वर ओढा. आमचा पहिला जहाज ढकलणाऱ्या पंख्यात गेला. दुसरा आणला होता म्हणून निभावलं.