पाखाडी चढणारी मुलगी

"डॉक्टरानू, गोळये वाढवल्यापासून चेडू ज्यास्तच पडता," आजी म्हणाली. डोस मीच वाढवून दिला होता, दहा दिवसांपूर्वी.

सात वर्षांची मुलगी, मालवणजवळच्या वाडीतली. वेळेवर चालायला लागली, पण पुढे डुलत चालू लागली. पापण्या उतरलेल्या. शाळेला जाताना जांभ्याची पाखाडी आईच्या कडेवरूनच चढायची. नसेला लागोपाठ विजेचे झटके देऊन तपासलं, तर स्नायूचा प्रतिसाद दर झटक्यागणिक उतरत होता. म्हणजे दोष नस आणि स्नायू यांच्या सांध्यात. अशा वेळी पायरिडोस्टिग्मिन हे औषध गोळ्यांतून द्यायचं हे हाताला बसलेलं. अनेक मुलांना त्याने खरंच बरं वाटतं.

आजीचं ऐकलं, गोळी बंद केली आणि रक्त जनुक तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला: डोक-७ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष.

त्या रात्री मी वाचत बसले. गर्भात नसेचं टोक स्नायूला भिडतं तेव्हा ॲग्रिन हे प्रथिन सोडतं. स्नायूवरचं एलआरपी-४ हे प्रथिन ते धरतं आणि शेजारच्या मस्क या प्रथिनाला जागं करतं. मस्कला आतल्या बाजूने आधार देतं ते याच जनुकाचं प्रथिन, डोक-७. हा निरोप नीट पोचला तरच ॲसिटिलकोलीन, म्हणजे नसेकडून स्नायूला हलायचा इशारा देणारं रसायन, झेलणारे रिसेप्टर एका जागी दाटीने जमतात आणि सांधा भक्कम होतो. २००६ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की डोक-७ नसलेल्या उंदराच्या पिल्लात रिसेप्टर असे जमतच नाहीत, पिल्लू जन्मल्यावर लगेच मरतं. हिच्यात सांधे झाले होते, पण लहान, अर्धवट. पायरिडोस्टिग्मिन फक्त ॲसिटिलकोलीन टिकवून ठेवतं, सांधा बांधत नाही. आणि डोक-७च्या रुग्णांची त्याने तब्येत बिघडते, हे छापलेलं होतं. मला ते आजीकडून कळलं.

उपयोगी पडतं ते साल्ब्युटामॉल. दम्याचं औषध, माझ्या कपाटात कायम असलेलं! पण गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात.

"गरोदर असताना माझं काही चुकलं का?" आईने विचारलं. नाही, म्हटलं. तुमच्याकडून एक, वडिलांकडून एक, अशा दोन सदोष प्रती तिच्यात एकत्र आल्या; तुम्हा दोघांनाही ते कळण्याचा मार्ग नव्हता. ती बराच वेळ रडली. मी पुढचा पेशंट थांबवला.

औषध ज्येष्ठात सुरू केलं. चवथीपर्यंत फारसा फरक नव्हता, आजी दर खेपेला माझ्याकडे नुसती बघायची. दिवाळीनंतर आईने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मुलगी पाखाडी चढतेय. मध्ये एकदा गडग्याला हात टेकून थांबली, आणि मग उरलेल्या पायऱ्याही चढली.