दिवाळी अंकांची यादी: एनजिनएक्स आणि पीएचपी हाताने जोडताना

घरातल्या दिवाळी अंकांची सूची आतापर्यंत पीएचपी या वेब-भाषेच्या स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर चालत होती. ५.४ आवृत्तीपासून (२०१२) तो पीएचपीसोबतच मिळतो. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची, ८००० पोर्टवर पान हजर. शिकायला झकास, पण तो मुळात एका वेळी एकच विनंती हाताळतो. मुखपृष्ठांच्या स्कॅनवरून छोटी चित्रं बनवायला बसला, की शोधाचं पान ताटकळत राहतं. म्हणून आता जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), पीएचपी ८.२ आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर.

झॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस सगळं एकत्र देणारं पॅकेज) टाकून मोकळं होता आलं असतं. ते वाईट आहे असं नाही, पण त्यात कोण काय करतं हे कळतच नाही, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट जपा. डेबियनवर नुसतं 'पीएचपी' नावाचं पॅकेज मागितलं तर सोबत अपाची हा दुसरा वेब सर्व्हर येतो, ८० पोर्टवर जाऊन बसतो, आणि मग एनजिनएक्स 'पत्ता आधीच वापरात आहे' म्हणून उठायलाच तयार होत नाही. आधी एफपीएमचं (पीएचपी स्क्रिप्ट चालवणारी वेगळी सेवा) पॅकेज नाव घेऊन मागायचं. एसक्यूलाइट (एका फाइलमधला डेटाबेस), एमबीस्ट्रिंग आणि इंटल (दोन्ही मराठीसारख्या मजकुरासाठी) ही एक्स्टेन्शनंही डेबियनवर वेगवेगळी टाकावी लागतात.

आता मुख्य भाग. एनजिनएक्सला पीएचपी अजिबात कळत नाही. तो फक्त निरोप्या आहे: विनंती फास्टसीजीआय या दोघांमध्ये ठरलेल्या भाषेत एफपीएमकडे पोचवतो आणि उत्तर परत आणतो. दोघांमध्ये एक सॉकेट फाइल, म्हणजे बोलायची खिडकी. सगळं चालू झाल्यावर मी एकेक दुवा मुद्दाम तोडून काय दिसतं ते टिपून ठेवलं. सगळ्यात उपयोगी काम हेच झालं.

कॉन्फिगमधला पीएचपीचा लोकेशन ब्लॉक (पीएचपीच्या विनंत्या एफपीएमकडे पाठवायला सांगणारा भाग) काढला, तर ब्राउझर पान न दाखवता फाइलच डाउनलोड करतो. म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड त्यात असेल तर तोही समोरच्याच्या हातात. घरच्या वायफायवरसुद्धा हे नको.

एफपीएम बंद केला, तर ५०२, म्हणजे 'मागून नीट उत्तर आलं नाही' अशी चूक. ५०२ म्हटलं की लोक एनजिनएक्सचं कॉन्फिग उकरत बसतात, पण उत्तर एरर लॉगमध्ये असतं. तिथे कंसातला आकडा बघा: २ असेल तर सॉकेट फाइलच नाही, १३ असेल तर फाइल आहे पण परवानगी नाही. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे.

तिसरा प्रकार सगळ्यात छळवादी. एनजिनएक्सच्या फोल्डरमध्ये 'फास्टसीजीआय पॅराम्स' आणि 'फास्टसीजीआय डॉट कॉन्फ' अशा दोन जुळ्या दिसणाऱ्या फाइली आहेत. फरक एका ओळीचा, आणि कोणती स्क्रिप्ट चालवायची हे एफपीएमला सांगणारी ओळ नेमकी तीच. ती फक्त दुसऱ्या फाइलीत आहे. नुसती पहिली फाइल जोडली, तर पान कोरं येतं आणि स्टेटस मात्र २००, म्हणजे 'सगळं ठीक'! ओळ आहे पण मार्ग चुकीचा, असं असेल तर निदान 'फाइल नॉट फाउंड' तरी दिसतं.

बाकीचं पटकन. डेबियन १२ मध्ये नव्या युझरचं होम फोल्डर इतरांना बंद असतं, त्यामुळे साइट तिथे ठेवली तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युझरला (एनजिनएक्स आणि एफपीएम याच नावाने चालतात) ती वाचता येत नाही. मी 'एसआरव्ही' फोल्डरमध्ये ठेवली. एसक्यूलाइटची फाइल ज्या फोल्डरात आहे, त्या फोल्डरलाही लिहायची परवानगी द्या, कारण जर्नल फाइल (बदलांची तात्पुरती नोंद) शेजारीच तयार होते. टर्मिनलच्या पीएचपीची आयएनआय (सेटिंगची) फाइल वेगळी आणि एफपीएमची वेगळी. टाइमझोन एकीतच एशिया/कोलकाता केला, तर वेळांमध्ये साडेपाच तासांचा घोळ होतो.

मराठी मजकुराचं थोडं सविस्तर लिहितो, कारण पीएचपीच्या इंग्रजी धड्यांत हे सापडत नाही. 'मराठी' या शब्दाची लांबी एसटीआरलेन हा पीएचपीचा लांबी मोजणारा फंक्शन १५ सांगतो (बाइट), त्याचा एमबीस्ट्रिंगमधला भाऊ ५ (कोड पॉइंट, म्हणजे काना-वेलांटीही वेगळी मोजून), आणि इंटलमधला ग्राफीम वाला ३, म्हणजे आपण मोजू तितकी. लांबलचक शीर्षकं सबएसटीआर या साध्या कापणाऱ्या फंक्शनने कापली की शेवटी चौकोन उमटतात. एमबीने कापली तर चौकोन जातात, पण काना-वेलांटी तुटू शकते. ग्राफीम सबएसटीआरने प्रश्न सुटला.

क्रमवारी अजून बाकी आहे. एसक्यूलाइट बाइटनुसार लावतो आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून 'काळ' हा 'काव्य'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. पीएचपीचा कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारा भाग) मराठी लोकेलसह एसक्यूलाइटला जोडून द्यायचा विचार आहे. मात्र त्या क्रमावर इंडेक्स बांधला, की तोच डेटाबेस साध्या एसक्यूलाइट टर्मिनलमधून उघडून क्वेरी मारताना 'असं कोलेशनच नाही' म्हणून तक्रार येणार. कुणी यावर काही काढलं असेल तर सांगा, नाहीतर क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवून बघतो.